परीटघडी

पहाटे साडेचारला मी पहिलं मशीन लावतो.
बाहेर ॲरिझोना अजून गार,
संत्र्याच्या मोहराचा वास पार्किंगपर्यंत आलेला,
आत एकसष्ट जणांचा कालचा घाम.

मार्चमध्ये पाठीवरचे आकडे मोठे असतात.
सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव.
ही पोरं एप्रिल बघत नाहीत.
त्यांची नावं उसवायचं काम माझंच,
आधी नाव, मग आकडा.
दोरा मी रिळाला परत गुंडाळतो.

कपड्यांना चाड नसते, सगळं सांगून टाकतात.
मांडीवर लाल माती: तिसऱ्या बेसकडे घसरत गेला.
खांद्यावर गवत: झेल घेतला, किंवा सुटला.
मोज्यात रक्त: नवे बूट चावतायत, बोलत नाही कुणाला.

आणि सव्वीस नंबर. कॉर्विन टॅकेट.
डावखुरा, वय चोवीस, चेंडू ताशी सत्त्याण्णव मैल.
शनिवारपासून त्याची जर्सी टोपलीत येते
ती मी दिली तशीच,
फक्त घडी मोडलेली.
काखेत मिठाची रेघ नाही.
डाव्या बाहीला मलमाचा पुदिनावास.
बटणं सगळी लावलेली,
डोक्यावरून ओढून काढलीय,
एका हातानं.

संध्याकाळी संघाचं निवेदन येतं, दोन ओळी.
कोपरात किंचित ताठरपणा.
रोजच्या रोज बघू.

मग डेल्फिनोचा फोन, डुलूथहून.
तिथे तळं अजून गोठलेलं, टायरचं दुकान रिकामं.
रविवारी बोलिंगच्या हॉलखाली तळघरात
बाराजण बसून खेळाडू वाटून घेणार,
लुटुपुटूचे संघ, खरे वीस-वीस डॉलर.
"मामा, टॅकेट बरा आहे ना?
चौथ्या फेरीत उचलतो.
नाहीतर ती ग्रेचेन आहो घेऊन जाईल,
शाळेतली, लायब्ररीवाली."

नाताळनंतर हा त्याचा पहिला फोन.
माझ्या गुडघ्याचं विचारलं नाही.
विचारावं असं त्यात आहे तरी काय,
माझा गुडघा कुणाच्या यादीत नाही.

मी म्हणालो, मला काय कळतं, मी कपडे धुतो.

गुरुवारी पाचला टॅकेट स्वतः आला खाली.
उजव्या हातात जर्सी, डावा खिशात.
"काजं जरा मोठी करून देशील?
नव्या कापडाची फार घट्ट आहेत."
कापड गेल्या वर्षीचं होतं.
मी ब्लेड घेतलं. सात काजं, दोन-दोन मिलिमीटर,
कडा पुन्हा शिवून.
तो ड्रायरला टेकून उभा राहिला, ऊब घेत.
म्हणाला, आई पण असंच दातानं दोरा तोडते.
जाताना म्हणाला, कुणाला...
मी म्हटलं, नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
त्याचं पोट हातावर, माझंही हातावर,
हात तेवढे वेगळे.

शनिवारी रात्री पुन्हा फोन.
मी कितीतरी वेळ नुसतं हवामान विचारलं.
मग म्हणालो, "ग्रेचेनला घेऊ दे."
एवढंच. तीन शब्द.
पुढे तो "मामा! मामा!" करत राहिला
आणि मी इस्त्रीचा प्लग काढून
पुन्हा लावला.

मंगळवारी निवेदन आलं, या वेळी लांबलचक.
शस्त्रक्रिया. पुढच्या वर्षीचा उन्हाळा.
डेल्फिनो हसत होता, वाचलो म्हणाला.
आणि ती ग्रेचेन, वेडी आहे नुसती,
काढायलाच तयार नाही त्याला,
जखमींच्या जागेवर ठेवून घेतलाय,
म्हणते असू दे, जागा आहे.

सव्वीस नंबर आता एका ओमाहाच्या पोराला दिलाय.
वरचं नाव उसवलं,
सातही काजं पुन्हा लहान केली.
सहावं नीट बसलं नाही, परत उसवलं.
मग इस्त्री फिरवली, परीटघडी घातली
आणि त्याच्या कपाटात नेऊन ठेवली.
वर अजून टॅकेटच्या नावाची पट्टी होती.
ती काढणं माझ्या कामात येत नाही.